पांढऱ्या भाताचं पथ्य

माझी आई साळूबाई कुणाला भ्यायची नाही. पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यात आमचं गाव. वडील लवकर गेले, तेव्हापासून भाताची खाचरं तिनंच राखली. पीक भरात आलं की रानडुकरं हाकायला ती एकटी माळ्यावर जाऊन बसायची. चुलत्यानं एकदा बांध कोरला, तर कोयता घेऊन उभी राहिली आणि त्याच्याकडूनच तो पुन्हा घालून घेतला. गावातली बाप्येमाणसं तिच्याशी बोलताना मुंडासं सारखं करायची. अशा बाईला मी भीतीनं चळचळा कापताना पाहिलं, ते वीतभर लेकरासमोर. ते लेकरू हाती लागेल की जाईल, एवढीच तिची भीती होती. त्याच्या आधीची दोन गेली होती, आणि दोन्ही तिसऱ्या महिन्यात.

आमच्याकडं तेव्हा भात घरोघरी उखळात, मुसळानं सडायचे. आईचं निम्मं आयुष्य त्या मुसळाला लटकून गेलं. तिच्या सासूनं तिला बाळंतपणाचा महिनासुद्धा नीट काढू दिला नव्हता. माझा धाकटा भाऊ मानसिंग पाठीला बांधून ती भात सडत असे, आणि सडून झालं की तिच्या वाट्याला तांबूस, जाडाभरडा भात आणि हुलग्याचं माडगं. चांगला तांदूळ पाव्हण्यारावळ्यांना. हे सांगताना ती तळहातावरचे घट्टे दाखवायची. "माझ्या सुनंला मी मुसळाला हात लावू देनार न्हाई. बाळंतपनात तिला फुलावानी पांढरा भात घालीन, बाजंवर बसून," असं ती म्हणायची. तेव्हा मानसिंगला मिसरूडसुद्धा फुटलेलं नव्हतं. माझी दोन्ही बाळंतपणं याच घरात झाली, पण माझं मात्र तांबड्या भातावरच भागलं. पांढरं काही मिळेल तर ते सुनेला, लेकीला नाही. मी कधीमधी टोमणा मारायची, आई हसायची.

मानसिंगचं लग्न झालं. सून आली अंजना, महाबळेश्वरच्या खालच्या एका खेड्यातली. आईबाप लहानपणीच गेलेले, चुलत्यानं वाढवलेली. तिला माहेर असं नव्हतंच, त्यामुळं पहिल्या बाळंतपणाला पाठवायचं कुठं हा प्रश्न आला नाही. आईला उलट आनंदच झाला. त्याच सुमाराला पाटणच्या बाजारात भात सडायची गिरण आली, तेलावर चालणारी. आई पहिल्यांदा गाडीतून भात घेऊन गेली आणि गिरणीच्या तोंडातून पांढराशुभ्र तांदूळ पडताना बघत राहिली. नंतर आठवडाभर गावभर सांगत होती, "एक कन तांबडा न्हाई, गं. देवाला वाहावा असा." जनावरांसाठी कोंडा पोत्यात भरून आणला, तो म्हशीला.

अंजनाच्या पहिल्या बाळंतपणात आईनं बोलल्याप्रमाणं केलं. खोलीत उजेड नको, वारा नको, पायाला जमीन लागू द्यायची नाही. गिरणीचा तांदूळ पाणी पांढरं यायचं थांबेपर्यंत धुवायचा, शिजला की पेज ओतून द्यायची, वर साजूक तूप आणि मीठ. डाळ वातूळ, म्हणून नको. हुलगा उष्ण. पालेभाजीनं पोराला हिरवं होतं, बाजरीनं पोट दुखतं. एकदाच काय ती मेथी दिली होती. मुलगी झाली होती, चांगली गुबगुबीत. तिसरा महिना लागला आणि एके दिवशी सकाळी तिचा आवाज बसला. पोर रडायला तोंड उघडायची, चेहरा पिळवटायचा, पण आवाज यायचा नाही. दिवस मावळायच्या आत ती गेली.

मी तेव्हा वाईला, माझ्या घरी होते. घाटाजवळ आमचं लहानसं दुकान. निरोप आला तेव्हा सगळं आटपलं होतं. भेटायला गेले तर आई म्हणाली, "मेथी बाधली, रंगू. मी मेली कशाला मेथी घातली तिला."

दुसऱ्या खेपेला मानसिंग पलटणीबरोबर सिंगापूरकडं गेला होता. मुलगा झाला. यावेळी मेथी नाही, लसूण नाही, नुसता भात, तूप, मीठ. पथ्य आणखी कडक. आणि तिसऱ्या महिन्यात तसंच. आधी आवाज गेला, मग लोहाराचा भाता हलावा तशी छाती हलायला लागली, ओठ काळे पडले, संपलं. दोन्ही लेकरं गावाबाहेर ओढ्याकाठी करंजाच्या झाडाखाली पुरली. अंजना रडली नाही. ती दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसायची, आणि आई तिच्या पुढ्यात ताट घेऊन बसायची. "खा गं पोरी, दोन घास खा." मला सांगायला कसंतरी होतं, पण त्या ताटाइतकी माया मी दुसऱ्या कुठल्या ताटात पाहिली नाही.

पुढं सिंगापूर पडलं, आणि मानसिंगची खबर येणं बंद झालं. जपान्यांनी धरलेल्यांत तो आहे की मेलेल्यांत, कुणाला ठाऊक नव्हतं. सासू-सुनेनं ती वर्षं कशी काढली ते त्यांचं त्यांना माहीत. लढाई संपली आणि एके दिवशी तो दारात येऊन उभा राहिला. आईनं त्याला ओळखलं ते कपाळावरच्या वणावरून. बाकी ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी धावत गेले होते. त्या दिवशीची पंगत मी विसरणार नाही. आईनं ठेवणीतला गिरणीचा तांदूळ काढला, वर तुपाची धार धरली आणि ताट त्याच्यासमोर ठेवलं. मानसिंगनं भाताकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उठला, परसात गेला आणि ओकला. पोटात तर काही नव्हतंच. आई तांब्या घेऊन मागं धावली. तो म्हणाला, "आये, मला नाचणीची भाकरी दे. हुलगं दे. ह्यो भात नगं." आईला ते फार लागलं. पाच वर्षांनी आलेला मुलगा, आणि त्याला तिचा भात नको. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं तर एवढंच म्हणाला, "आक्का, तितं त्योच हुता. नुसता पांढरा." तिथल्या गोष्टींवर तो बोलायचाच नाही. भांडं पडलं तरी दचकायचा.

पुढच्या दिवाळीत अंजनाला तिसरं लेकरू झालं, मुलगा.

आता आईची भीती काय सांगू. दिवस गेल्याचं कळल्यापासूनच तिनं पथ्य लावलं होतं. पोर झालं त्या दिवशी बनाबाई सुईणीनं ते उचलून सुपात ठेवलं, आणि आईनं तिला सूपभर कोंडा देऊन आपलंच नातवंड विकत घेतलं. ज्यांची मुलं जगत नाहीत त्यांच्यात असं करतात. कोंड्याच्या मोलाचं पोर, म्हणजे मरणाला वाटावं की याला कुणी विचारत नाही. नावही तेच, कोंडीबा. बारसं नाही, पेढा नाही. गालाला काजळाचा एवढा मोठा ठिपका लावलेला की पोराचं तोंड दिसू नये. कुणी "काय गोड हाय" म्हणालं तर आई अंगावर जायची, "कुठं गोड? माकड हाय नुसतं!" आणि आत जाऊन मीठमोहऱ्या ओवाळायची.

तिसरा महिना लागायच्या सुमाराला तिनं मला बोलावणं धाडलं. निरोप्यानं सांगितलं, "आईनं म्हटलंय, मला एकटीला भ्या वाटतंय." मी हातातलं काम टाकलं. आईच्या तोंडी तो शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. साताऱ्याहून मोटार, पुढं बैलगाडी करत मी पोचले.

घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. कोंबडं आरवलं तरी आई त्याच्याकडं रागानं बघायची. कोंडीबा रडला की तिचा जीव भांड्यात पडायचा, आणि गप्प झाला की ती हातातलं टाकून खोलीच्या दाराशी यायची. "वरडला का गं? आवाज चांगला हाय न्हवं?" असं दिवसभर. अंजना बाजेवर बसलेली. मी तिला बघून दचकले. तोंड सुजल्यासारखं भरलेलं, पाय केळीच्या बुंध्यासारखे. आई म्हणाली, "अंगावर भरलीया. तुपानं." पण अंजना दोन पावलं चालली तरी धापा टाकायची, आणि गळ्याजवळची शीर लांबून उडताना दिसायची.

"वन्सं," ती मला हळूच म्हणाली, "काळीज लय धडधडतं. पायात मुंग्या भरल्यात, त्या उतरतच न्हाईत. आत्याबाईंना सांगू नगा. त्या आनखी भ्यातील."

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, सकाळी, मी तिच्या शेकाची शेगडी सारखी करत होते. अंजना पोराला घेऊन उठली आणि बाजेवरून खाली उतरली. मला मांस करपल्याचा वास आला. बघते तर शेगडीतून पडलेल्या निखाऱ्यावर तिचा पाय. आणि ती माझ्याकडं बघून म्हणते, "कसला वास येतुया, वन्सं?"

मी तिला ढकलूनच बाजेवर बसवलं. तळव्याला ही एवढी जागा भाजली होती. तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. तेवढ्यात या गडबडीनं जागं झालेलं पोर रडायला लागलं. म्हणजे त्यानं तोंड उघडलं, मुठी आवळल्या, चेहरा तांबडालाल केला. आणि आवाज आला नाही. फाटक्या पिपाणीतून वारा जावा तसं नुसतं खर्रर्र.

आई दारात उभी होती. तिच्या हातात अंजनाचं ताट होतं, वाफाळता पांढरा भात. ते ताट हातातून पडलं नाही. तिनं ते जमिनीवर ठेवलं, पदरानं हात पुसले आणि भिंतीला टेकून खाली बसली. "आलं," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा आलं."

मी अंगणात जाऊन मानसिंगला हाक मारली. बाळंतिणीच्या खोलीत बाप्यानं जायचं नाही, असा आईचा नेम होता, आणि यावेळी तर तिनं तो अडीच महिने ताणला होता. त्यानं लेकराला दारातूनच काय ते पाहिलेलं. मी म्हटलं, "काय व्हायचं ते हूंदे, तू आत ये."

तो आत आला. लेकराकडं बघून त्याला काही सुचेना. मी त्याला अंजनाचा तळवा दाखवला, निखाऱ्याचं सांगितलं. मानसिंग तिच्या पायाशी बसला. त्यानं तिच्या नडगीवर अंगठा दाबला, आणि उचलला. तिथं खड्डा पडला होता. आम्ही तिघं त्या खड्ड्याकडं बघत राहिलो. तो भरून येईना.

मानसिंगचा चेहरा मी सांगू शकत नाही. पांढरा पडला होता म्हणणं सोपं आहे. तो त्या खोलीत नव्हताच, एवढं खरं.

"आक्का," तो म्हणाला, "ह्यो खड्डा मी बगितलाय. तितं. नुसत्या पांढऱ्या भातावर ठेवलं हुतं आमाला. आदी पायात मुंग्या. मग पाय असं सुजायचं. मग एक दिस मानूस बोलता बोलता छातीला हात लावायचा आन् जायचा. माज्या शेजारचा आमच्या सांगलीकडचा गडी हुता, कल्लाप्पा. सकाळी माज्याशी बोलला, दुपारी गेला." त्याचे दात वाजत होते. "आमच्यातला डाक्टर सांगायचा, काळजाला खायाला न्हाई. कोंडा मिळवा कुटनं तरी, कोंडा खावा. आमी जनावरांच्या म्होरनं चोरून खायचो."

"आन् पोराचं काय?" मी विचारलं. "ते भात कुठं खातंय?"

"त्ये मला कळत न्हाई. पर पाटनाला जायाचं. आत्ता."

तेव्हा आई उठली आणि उंबऱ्यात दोन्ही हात लावून उभी राहिली. पाटणचा रस्ता ओढ्याकाठच्या करंजाखालून जातो. आधीची दोघं तिथं निजलेली. "त्या वाटंनं ह्याला न्यायचं न्हाई," ती म्हणाली. "ती दोगं ह्याला हाक मारतील. मी मरंन, पर जाऊ देनार न्हाई."

मी आईवर ओरडणार होते. माझी जीभ तशी तिखटच, आणि अशा वेळी ती आवरतही नाही. पण माझ्या आधी मानसिंग तिच्या पायाशी बसला. एवढा पलटणीतला शिपाई, लहान पोरासारखा हुंदके देत म्हणाला, "आये, मी लय मानसं मरताना बगितली. नुसतं बगत बसलो. आज मला बगत बसाय लावू नगंस."

आईचे हात खाली आले. आत जाऊन घोंगडं आणलं, पोर आपल्या छातीशी घेतलं आणि गाडीत जाऊन बसली.

पौषाचं कोवळं ऊन होतं, खाचरं कापून मोकळी पडलेली. मानसिंग बैलांना मारत नव्हता, विनवत होता. गाडीत अंजना माझ्या अंगावर रेलून धापा टाकत होती, आणि मला एक भीती अशी वाटत होती की पोर राहील आणि ही जाईल. करंज जवळ आला तसं आईनं घोंगडं कोंडीबाच्या तोंडावर ओढलं, स्वतः डोळे मिटले आणि पुटपुटायला लागली. मला वाटलं देवाचं नाव घेते. कान दिला तर ती त्या दोघांशी बोलत होती. "निज गं माझे बाय, निज रं माझ्या राजा. ह्यो तुमचा न्हवं. ह्यो कोंड्याचा हाय. निजा."

पाटणला एक तरुण डॉक्टर नुकतेच येऊन बसले होते, जिनदत्त नावाचे, सांगलीकडच्या जैन घरातले. त्यांनी कोंडीबाच्या छातीला नळी लावली, पोट चाचपलं. ओठ निळसर व्हायला लागले होते. "फुप्फुसाला सूज दिसते," ते म्हणाले, पण त्यांचं त्यांनाच पटत नव्हतं. पुन्हा नळी लावली. "ताप नाही. मग हृदय एवढं का धावतंय?"

मानसिंगनं न विचारता अंजनाचं लुगडं घोट्यावरून वर सारलं आणि नडगीवर अंगठा दाबला. परक्या पुरुषासमोर सुनेचे पाय उघडे! आईनं "मानसिंगा!" म्हणून हात उगारला. डॉक्टरांनी मात्र खाली वाकून पाहिलं. अंजनाच्या गुडघ्यावर लहान हातोडी मारली. पाय हलला नाही. आणखी एकदा मारली. मग त्यांनी आईकडं वळून विचारलं, "आजी, ह्या काय खातात?"

आईच्या अंगात त्या प्रश्नानं बळ आलं. इतका वेळ ती गुन्हेगारासारखी उभी होती. आता निदान एक गोष्ट अशी होती, जिच्यात तिनं कसूर केली नव्हती. "गिरनीचा तांदूळ, डाक्टरसायेब," ती म्हणाली. "निव्वळ पांढरा. एक कन तांबडा न्हाई."

"धुऊन घेता?"

"सात पान्यानं धुती. पेज काढून टाकती, पोटाला जड नगं."

"डाळ? भाजी? भाकरी?"

"छ्या! लेकराला बादंल अशी एक बी गोष्ट दिली न्हाई. तूप घालती. जवा दिस राहिलं तवापासनं. जिमिनीवर पाय बी ठेवू दिला न्हाई तिला." आणि तिनं डॉक्टरांकडं शाबासकीच्या आशेनं पाहिलं.

डॉक्टरांनी कपाटातून एक लहान काचेची कुपी काढली, मान मोडली, औषध सुईत ओढलं. पोराच्या मांडीत सुई गेली तेव्हा त्यानं तोंड उघडलं, आणि नुसतं खर्रर्र झालं. मग अंजनाला टोचलं.

"आता?" मानसिंगनं विचारलं.

"आता थांबायचं. माझा तर्क बरोबर असेल तर लवकरच कळेल. चुकला असेल तरी लवकरच कळेल."

आम्ही पडवीत बसलो. बाजाराचा दिवस होता, रस्त्यानं माणसं जात होती, कुणी मिरच्या विकत होतं, कुणी हसत होतं. मला त्या हसणाऱ्यांचा राग येत होता. आईच्या मांडीवर कोंडीबा, त्याच्या बरगड्या आत-बाहेर होत होत्या, आणि प्रत्येक खेपेला वाटायचं ही शेवटची. मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं. अंजनानं माझं मनगट असं धरलं होतं की बोटांचे वळ उठले. मानसिंग खांबाला डोकं टेकून उभा होता, पोराकडं पाठ करून.

मग त्या बरगड्या जरा सावकाश हलायला लागल्या. आधी मला वाटलं, संपत आलं. आईलाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं वाकून त्याच्या तोंडाला कान लावला. ओठांवरचा निळा रंग ओसरत होता. पोरानं डोळे उघडले, आजीच्या चेहऱ्याकडं पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि रडलं. आधी घोगरं, मग फाटकं, आणि ऊन कलतं झालं तेव्हा अख्ख्या बाजारानं वळून बघावं असं खणखणीत.

आम्ही सगळी रडलो. डॉक्टर आत निघून गेले, बहुधा त्याच कामासाठी.

नंतर त्यांनी आम्हाला बसवून समजावलं. तांदळावरच्या तांबड्या सालीत, कोंड्यात, एक सत्त्व असतं. हृदयाला आणि नसांना त्यावाचून चालत नाही. गिरणीत ते निघून जातं, उरलंसुरलं धुण्यात आणि पेजेत जातं. आईच्या अंगात नसेल तर दुधात कुठून येणार? "हातसडीचा तांदूळ द्या, पेज टाकू नका. हुलगा, मटकी, पालेभाजी, शेंगदाणे, नाचणी, सगळं द्या. खोलीला उजेड येऊ द्या, यांना अंगणात चालू द्या. असं उपाशी अंग कुठल्याही आजाराला वाट देतं."

"उपाशी?" आईनं विचारलं. तिला तो शब्द कळेना. "डाक्टरसायेब, मी तिला भरवल्याबिगर कवा जेवली न्हाई."

"माहीत आहे, आजी."

बाहेर गाडी जोडली जात होती. मग आईनं विचारलं, इतक्या हळू की मला ओठ वाचावे लागले, "मग पयली दोन?"

डॉक्टर खोटं बोलू शकले असते. मी मनात त्यांना सांगत होते की बोला, एवढं एक खोटं बोला. ते बोलले, "त्यांना मी पाहिलं नव्हतं." पण त्यांनी मान खाली घातली होती, आणि आईनं ती पाहिली.

कोंडीबा वाढला. अंजनाच्या पायात जीव यायला उन्हाळा उजाडला. ती आता अंगणात बसायची, मटकीची उसळ खायची, पाणंदीनं चालत नदीवर जायची, आणि तिच्या गालाचा रंग परत आला. आई मात्र आक्रसून गेली. तिनं कुणाला वाढणं सोडलं. सगळं रांधायची, भांडी पुढ्यात आणून ठेवायची आणि म्हणायची, "घ्या तुमच्या हातानं." मानसिंगनं हट्ट केला तरी वाढायचा डाव हातात धरायची नाही. पोराला तर ती खाण्याच्या वेळी शिवतच नसे. गडी माणसालासुद्धा भाकरी वाढायला दुसऱ्या कुणाला हाक मारायची. वाघासारखी बाई, आणि डावाला भ्यायला लागली. मला तिचा राग यायचा आणि रडूही यायचं.

कोंडीबाच्या उष्टावणाला मी पुन्हा गेले. पहिला घास मामानं भरवायचा असतो, पण अंजनाला भाऊ नव्हता. अंजनानं हातसडीचा भात मऊ शिजवला, त्यात हुलग्याचं पाणी घातलं आणि म्हणाली, "आत्याबाई भरवतील." बघतो तर आई घरात नाही. शेवटी ती गोठ्यात सापडली, म्हशीच्या आड, शेण भरायचं निमित्त करून.

अंजना पोराला कडेवर घेऊन, वाटी घेऊन तिथंच गेली. मी मागोमाग.

"मला नगं सांगू, पोरी," आई म्हणाली. "माझ्या हातात मरान हाय."

अंजना तशी कमी बोलणारी. त्या दिवशी बोलली. "मला तुमचा राग आला न्हाई असं न्हाई, आत्याबाई. लय आला. रातध्याड आला. माझी दोन गेली." तिचा आवाज चिरकला. "पर मला आई न्हवती, आन् मला घास भरवनारं मानूस तुमीच एक हुता. ह्याला मी तसल्या मानसाबिगर वाडवनार न्हाई. धरा वाटी."

आईनं हात धुतले. पुन्हा धुतले. लुगड्याला पुसले. बोटांवर भात घेतला तेव्हा निम्मा खाली सांडला. तो हात पोराच्या तोंडाजवळ जाऊन थांबला, पुढं जाईना. अंजनानं तिचं मनगट धरलं नाही, काही नाही. ती नुसती उभी राहिली. शेवटी कोंडीबालाच धीर निघाला नाही. त्यानं आजीचं बोट दोन्ही मुठींत पकडलं आणि तोंडात घातलं.

घास गिळला. आई त्याच्याकडं बघत राहिली, श्वास धरून. काही झालं नाही. मग त्याला आणखी हवं होतं, आणि ते लगेच मिळेना, म्हणून त्यानं भोकाड पसरलं. म्हैस बिचकली. वेशीपर्यंत ऐकू गेलं असेल.

"भरवा की आत्याबाई," अंजना म्हणाली.

आईच्या बोटांवर दुसरा घास तयार होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती हात पुढं करेना.

"थांब जरा," ती म्हणाली. "वरडू दे त्याला."